नोटिशीचा सहावा दिवस

कोल्हापूर,
रविवार रात्र

प्रिय मित्रा,
सलाम.

ईस्टरपासून तुला फोन नाही, पत्र नाही, आणि आज एकदम चार पानं. रागावला असशील, तर रागव. पण हे तुलाच सांगण्यासारखं आहे, कारण त्या रात्री नावेत बॅटरी धरून तूच बसला होतास. बाकी आमचं ठीक. माझी शुगर आटोक्यात. आईचा दम पावसात वाढतो, वाफ घेते. रोज सकाळी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी किती फूट झालं ते विचारूनच चहा पिते.

मंगळवारी धाकट्या भावाची वकिलामार्फत नोटीस आली. घराची निम्मी वाटणी हवी, पंधरा दिवसांत उत्तर द्या. मी दारातच उभ्यानं वाचली. आई आत लसूण सोलत बसलेली, आणि त्या तीन पानांत तिचा कुठे उल्लेखच नाही! चप्पल न काढता भावकीच्या ग्रुपवर लिहायला घेतलं. बाबांच्या दवाखान्याची बिलं कुणी भरली, पुरानंतर भिंती कुणी खरवडल्या, तो बाबांच्या मातीला आला आणि मागच्या मागे कसा निघून गेला, सगळं लिहिलं. अंगठा बटणावर होता. तेवढ्यात आतून आई, "काय आलंय रे?" मी म्हटलं, "लाइटचं बिल." ते खोटं तोंडातून गेलं आणि २०१९ चा ऑगस्ट डोळ्यांपुढे आला.

धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पंचगंगा ५५ च्या वर गेलेली. आईला खांद्यावर घेऊन नावेत बसवलं आणि त्याचा पुण्याहून फोन, "आधीच का हलवलं नाहीस तिला?" काळजीनंच विचारलं होतं त्यानं, आज कळतं. मी ओरडलो, "तू आमच्यासाठी मेलास." तीन शब्द. पाणी ओसरलं, ते शब्द नाही ओसरले. नंतर तू म्हणालास, "एक रात्र थांबला असतास तर?" म्हणून मी तुझ्याशीही तीन महिने बोललो नाही. तुझं खरं होतं मर्दा. हे लिहायला इतकी वर्षं लागली.

म्हणून फोन खाली ठेवला.

चर्चच्या तरुण संघात आपण यावरून किती भांडलोय, लगेच हात उचलायचा की थांबायचं! तू प्रभूच्या शिष्याच्या, पेत्राच्या बाजूचा, प्रभूला धरायला आले तेव्हा निदान त्यानं तलवार तरी उपसली म्हणायचास. मी म्हणायचो, उपसली आणि महायाजकाच्या चाकराचा, मल्खाचा कान कापला, तो बरा करायला प्रभूलाच पुढे यावं लागलं. माझा माणूस यहूदाचा राजा हिज्कीया. अश्शूरचा राजा सन्हेरीब, त्याचं धमकीचं पत्र आलं तेव्हा तो ते घेऊन मंदिरात गेला आणि परमेश्वरापुढे पसरून ठेवलं. आई झोपल्यावर मीही तिन्ही पानं कॉटवर पसरली आणि गुडघे टेकले. खरं सांगतो, काही ऐकू आलं नाही. मनाला शांतीही वाटली नाही. "प्रभू, हे तू वाच," एवढंच म्हणत राहिलो, कधीतरी डोळा लागला. सकाळी फोनमधला मजकूर परत वाचला. त्यात एक ओळ खोटी नव्हती, पण आईच्या भल्याची एकही नव्हती. पुसून टाकला.

खरी काळजी त्यानंतर सुरू झाली. मामा म्हणतात, गप्प बसलास तर घर जाईल. मी देवावर टाकलंय की नुसता घाबरलोय? उद्यमनगरात लेथवर उभा असताना हेच, आणि आज उपासनेत गीत चालू असतानाही हेच. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं रे. आपण हिज्कीयाच्या पत्राचीच गोष्ट सांगतो. पण त्याच माणसानं वैऱ्याला पाणी मिळू नये म्हणून शहराबाहेरचे झरे बुजवले, कातळ खोदून पाणी आत आणलं. तो बोगदा यरुशलेमेत आजही आहे, अर्ध्या किलोमीटरहून लांब. दोन्ही टोकांनी खोदत आले आणि मध्ये भेटले. प्रार्थना केली म्हणून त्यानं पाण्याची सोय सोडली नाही.

तेव्हा गुरुवारी वकिलाकडे गेलो. ते म्हणाले, तुम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. बाबांचं मृत्युपत्र नाही, म्हणजे आईचा एक तृतीयांश, उरलेल्यात आम्ही दोघं सारखे. निम्मी नाहीच. आई, तो आणि मी, एकेक हिस्सा. जिना उतरताना अंगात असा जोर आला की तिथूनच फोन लावून त्याला सुनवावं वाटलं. आपली बाजू खरी निघाली की गप्प राहणं जास्त अवघड जातं, हे मला माहीत नव्हतं. पुन्हा एक रात्र थांबलो. उत्तराचा मसुदा तयार आहे, आईचं नाव सगळ्यात वर. मुदतीत जाईल. पण त्याआधी मला त्याच्याशी बोलायचंय. घराबद्दल नाही. त्या तीन शब्दांबद्दल.

तुझं काय? मुलीचा अकरावीचा प्रवेश झाला का? वहिनींचा गुडघा? नाशिकची मिसळ आपल्यापेक्षा बरी, हे तुझं बोलणं मी अजून माफ केलेलं नाही, ते वेगळं.

एकच विनंती. धाकटा तुझ्याशी बोलतो, मला ठाऊक आहे. हे वाचल्यावर तुझा हात फोनकडे जाईल. जाऊ देऊ नकोस. माझी बाजू मांडू नकोस, त्याला तयार करू नकोस. शनिवारी रात्री नऊला मी फोन लावणार आहे, तेवढा वेळ आमच्यासाठी प्रार्थनेत बस. त्यानं उचलला नाही तर रविवारी परत लावीन.

तुझा,
शाहूपुरीतला दोस्त