निळ्या फाइलवाल्या काकांना

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘आधी चहा टाक’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. पिट्सबर्गच्या आसपासच्या आणखी एखाद्या मराठी घराला उपयोग झाला तर तेही तुम्हाला आवडेलच.

नववीत लेकीचे सांधे धरले. सकाळी बोटं मिटायला दहा वाजायचे आणि शाळेची बस सातला. गैरहजेरीची पत्रं एकामागून एक येऊ लागली. ‘घरून शिकायची सरकारी शाळा आहे, फी नाही’ असं तुम्ही म्हणालात, तेव्हा मला पटलंच नाही. माझ्या डोक्यात घरून शिकणं म्हणजे १७ नंबरचा फॉर्म!

तुम्ही वाद घातला नाहीत. शनिवारी आम्हा दोघींना गाडीत बसवलंत आणि ओहायो नदीच्या काठाकाठाने मिडलंडला नेलंत. पलीकडच्या तीरावर शिपिंगपोर्टच्या अणुवीज केंद्राचे मनोरे वाफ सोडत होते. अलीकडे क्रूसिबल स्टीलचा कारखाना होता, तो १९८२ मध्ये बंद पडला. त्याच मंदीत तुमचीही नोकरी गेली होती, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं येणं-जाणं असून तुम्ही कधी बोलला नव्हतात. गाव रिकामं होत गेलं, काही वर्षांत तिथलं हायस्कूलही बंद झालं. पुढे तर मुलांना राज्याची हद्द ओलांडून ओहायोतल्या ईस्ट लिव्हरपूलला जावं लागे. ‘आपल्या गावची पोरं शिकायला परराज्यात. कसं वाटत असेल त्यांच्या आईबापांना?’ एवढं बोलून तुम्ही गाडी वळवलीत.

पेन्सिल्व्हेनियात चार्टर शाळांचा, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या बिनफीच्या शाळांचा, कायदा १९९७ चा. त्याचा आधार घेऊन याच गावातून २००० मध्ये इंटरनेटवरची शाळा सुरू झाली. तीच आजची पेन्सिल्व्हेनिया सायबर चार्टर स्कूल. पहिल्याच वर्षी बाहेरगावची मुलं शेकड्यांनी आली. मुलगा ज्या भागातला, तिथल्या शाळा-मंडळाने त्याचे पैसे भरायचे. बिलं आल्यावर कित्येक मंडळांनी हात वर केले, प्रकरण कोर्टात गेलं. २००२ मध्ये कायदा बदलला, अशा शाळांना परवानगी देण्याचं काम राज्याच्या शिक्षण खात्याकडे आलं, आणि मुलाला संगणक व प्रिंटर देणं, इंटरनेटचा खर्च भागवणं हे शाळेवर बंधनकारक झालं. लेकीचा संगणक कुणाच्या उपकाराचा नव्हता, हक्काचा होता, हे तुम्ही तिला मुद्दाम समजावलंत. त्याने ती किती सावरली, हे तुम्हाला ठाऊक नाही.

वाईट बाजूही तुम्ही लपवली नाहीत. शाळेच्या संस्थापकाला करचुकवेगिरीच्या कटाबद्दल २०१८ मध्ये तुरुंगवास झाला. या प्रकारच्या शाळांचे परीक्षेचे निकालही एकंदरीत कमी लागतात. ‘नाव घालून मोकळी होऊ नकोस, रोज तिच्या शेजारी बसावं लागेल,’ असं बजावलंत. आणि मग माझी दुपारची ड्यूटी असे तेव्हा स्वतःच येऊन बसू लागलात!

ती निळी फाइल अजून माझ्यासमोर आहे. तुमच्या ठसठशीत अक्षरातल्या चिठ्ठ्या: ‘जन्मदाखला’, ‘लसी’, ‘राहण्याचा पुरावा’. विजेचं बिल नवऱ्याच्या नावावर, भाडेकरार माझ्या नावावर, म्हणून तुम्ही दोन्ही लावून ठेवले होते. खोकी आली त्या दिवशी ऐंशीव्या वर्षी टेबलाखाली ओणवं होऊन वायरी जोडल्यात. लेक म्हणाली, ‘आजोबा, मी करते.’ तुम्ही म्हणालात, ‘तू बोटं जप, ती बीजगणिताला लागतील.’

बीजगणितच तिला सगळ्यात जड गेलं. बोटं दुखायची तेव्हा ती तोंडाने पायरी सांगायची आणि तुम्ही वहीत उतरवायचात. चुकली तर चूकही तशीच उतरवायचात, पुढच्या ओळीवर तिची तिलाच सापडेपर्यंत. तेवढा धीर मला नव्हता, काका. मी केव्हाच उत्तर सांगून टाकलं असतं.

आता तिचं बारावी पूर्ण झालं. समारंभाला तुमची खुर्ची आमच्याच रांगेत आहे. सकाळी साडेआठला गाडी दारात येईल. आदल्या दिवशीच औषधांची डबी भरून ठेवा, आणि काकूंना म्हणावं, डबा करू नका. पुरणपोळ्या मी करते आहे.

तुमची,
खालच्या गल्लीतली लेक