बारावीच्या पुरवणीत आमचा कोर्स पण छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीच्या निकालानंतरची तुमची करिअर पुरवणी आमच्या घरी जपून ठेवतात, यंदा धाकट्या बहिणीसाठी मी ती सगळी वाचून काढली, त्यात नीटची परीक्षा, सीईटी, कुठली ब्रँच घ्यावी सगळं होतं पण न्यूट्रिशन-डायटेटिक्सवर (पोषण आणि आहारशास्त्र) एक ओळ पण नव्हती. वाईट वाटलं म्हणून लिहितेय.

मी सरकारी विद्यापीठातून याच विषयात एमएस्सी केलं. अ‍ॅडमिशन घेतली तेव्हा आत्या म्हणाली, स्वयंपाकच शिकायचाय तर घरी शीक की. तिचा दोष नाही, इतकी वर्षं या कोर्सचं नावच होम सायन्स. पण आम्हाला बायोकेमिस्ट्री असते, फिजिऑलॉजी असते, आणि पेशंटने कालपासून काय काय खाल्लं हे विचारताना आम्ही वाट्या-चमचे समोर मांडून बसतो, कारण प्रत्येक घरची वाटी वेगळी आणि भाकरी तर काट्यावर ठेवल्याशिवाय कळतच नाही.

इंटर्नशिपला डायलिसिस वॉर्डात होते तेव्हा एका काकांच्या उशाशी रोज शहाळं दिसायचं. मुलगा आणायचा, बाबांना ताकद यावी म्हणून. किडनी काम करेनाशी झाली की पोटॅशियम लघवीवाटे जात नाही, रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, शहाळ्यात तर ते भरपूर. मी समजावून सांगितलं तर तो रडायलाच लागला, म्हणाला ताई मला कुणी सांगितलंच नाही. मग भाजी चिरून जास्त पाण्यात उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं, म्हणजे त्यातलं पोटॅशियम कमी होतं, हे त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. हे सांगायला माणूस नको का वॉर्डात?

एनएफएचएस-5 या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना अ‍ॅनिमिया आहे. आणि डाएटचा सल्ला कोण देतंय तर मोबाइलवर चार दिवसांचं सर्टिफिकेट घेतलेले लोक, सगळ्यांना एकच चार्ट! मला याचा खरंच राग येतो, कारण आम्ही एमएस्सीनंतर सहा महिने हॉस्पिटलात काढून मग रजिस्टर्ड डायटिशियनची (नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची) परीक्षा देतो. केंद्राच्या 2021 च्या अलाइड हेल्थकेअर कायद्यात, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून बाकीच्या आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या कायद्यात, डायटिशियनचाही समावेश आहे, पण गावाकडच्या पालकांना हे सांगणार कोण.

मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठ आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञानाचं (पूर्वीचं होम सायन्स) कॉलेज आहे, तिथेही पोषण शिकवतात. खासगीच्या मानाने सरकारी फी खूपच कमी, आमच्यासारख्या शेतकऱ्याच्या घराला झेपली ती त्यामुळेच. तेव्हा पुढच्या पुरवणीत अर्धं पान तरी द्या, कुठल्या विद्यापीठात कोर्स आहे, बारावीला कुठले विषय लागतात, फी किती, इंटर्नशिप कुठे मिळते एवढं छापा. माहिती गोळा करायला मदत लागली तर आम्ही माजी विद्यार्थिनी करू.

आपली नम्र,
एक वाचक, जि. परभणी