गरोदरपणात रोजची गोळी चुकू नये म्हणून: भाडं, सोबत आणि डब्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

गर्द, ब्राऊन शुगर किंवा वेदनाशामक गोळ्यांची सवय लागलेल्या गरोदर बायांना उपचारापर्यंत नेणं आणि तिथे टिकवणं, हे मुंबईच्या पूर्व उपनगरांतल्या वस्त्यांत आमच्या मंडळाचं काम आहे. औषधासाठी आम्हाला पैसे नकोत. बुप्रेनॉर्फिनची गोळी, म्हणजे पुडीची तलफ आणि त्रास थांबवणारं औषध, सरकारी ओएसटी केंद्रात (अफूजन्य नशेऐवजी औषध देणाऱ्या केंद्रात) फुकट मिळते, बाळंतपण पालिकेच्या रुग्णालयात होतं. मदत हवी आहे ती या दोन खिडक्यांच्या मधल्या वाटेसाठी: रोजचं भाडं, सोबतीला एक बाई, आणि बाळंतपणानंतर चौथ्या दिवसापासूनचा डबा. हे का लागतं ते सविस्तर सांगतो, कारण कारण कळल्याशिवाय दिलेली मदत बहुतेक वेळा जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांच्या रूपात येते.

पहिली अडचण घरातूनच सुरू होते. सासूपासून ओपीडीतल्या कर्मचाऱ्यापर्यंत सगळे एकच सांगतात, "आधी सोड, मग ये." ऐकायला रास्त वाटतं. पण गरोदरपणात एकदम बंद केलं की टर्की लागते, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास. शेवटच्या पुडीनंतर 8 ते 12 तासांत जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी. मग पोटात कळा, उलट्या, जुलाब, हाडं फुटल्यासारखं दुखणं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त. तो बाळालाही सोसावा लागतो आणि अकाली कळा सुरू व्हायची भीती असते. बाईने दातओठ खाऊन आठवडा काढलाच, तरी पुढे बहुतेक वेळा ती पुन्हा घेते, आणि घेते ती जुन्याच मापाने. तोवर अंगाची सवय उतरलेली असते. श्वास मंदावतो आणि जीव जातो.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: गरोदर बाईची नशा झटक्यात तोडू नका, तिला मेथाडोन (याच कामाचं दुसरं औषध) किंवा बुप्रेनॉर्फिनवर ठेवा. हे एका नशेच्या जागी दुसरी नशा देणं नव्हे. गोळी साधारण दिवसभर पुरते, रक्तातलं प्रमाण एकसारखं राहतं, सुई लागत नाही, पुडीत काय मिसळलंय याचा घोर नाही आणि पुढच्या पुडीसाठी घरातलं काय विकायचं हा प्रश्नही उरत नाही. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रियात झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दोन्ही औषधांची तुलना झाली. बुप्रेनॉर्फिनवरच्या आयांच्या बाळांना जन्मानंतरची टर्की शमवायला सरासरी 1.1 मिलिग्रॅम मॉर्फिन लागलं, मेथाडोनवरच्यांच्या बाळांना 10.4, रुग्णालयातला मुक्काम 10 दिवस विरुद्ध 17.5 दिवस. मात्र बुप्रेनॉर्फिनचा उपचार मध्येच सोडणाऱ्या बाया 33 टक्के होत्या, मेथाडोनच्या 18. गोळी चांगली आहे, तिच्यावर टिकणं कठीण आहे. आमचं सगळं काम या टिकण्याचं.

पहिल्या दिवशी चूक झाली तर बाई परत येत नाही. बुप्रेनॉर्फिन मेंदूतल्या त्याच जागी घट्ट चिकटतं जिथे ब्राऊन शुगर बसलेली असते, आणि तिला हुसकावून लावतं. पुडी घेऊन दोन-तीन तासांत कुणी गोळी घेतली तर अर्ध्या तासात जबर टर्की येते. मग वस्तीभर बोभाटा होतो, "गोळीनेच मारलं असतं." म्हणून शेवटची पुडी आणि पहिली गोळी यांत निदान 12 तास हवेत, आणि जांभया, घाम, काटा, मोठ्या झालेल्या बाहुल्या अशी लक्षणं दिसायला हवीत. आमची सोबतीण आदल्या रात्री नऊला घरी जाऊन शेवटची वेळ विचारते आणि सकाळी नऊनंतर तिला केंद्रात नेते. डॉक्टर सहसा 2 ते 4 मिलिग्रॅमने सुरुवात करतात, थांबून बघतात आणि मग वाढवतात. लांब असर असलेल्या गोळ्यांची सवय असेल तर अंतर आणखी जास्त ठेवावं लागतं, म्हणून काय घेतलं ते खरं सांगणं महत्त्वाचं.

गोळी गिळायची नसते. केंद्रात ती चुरून जिभेखाली ठेवायला देतात, आणि ती विरघळेपर्यंत पाच-दहा मिनिटं बोलायचं नाही, लाळ गिळायची नाही. तोंडात मिश्री किंवा तंबाखू असेल तर आधी चूळ भरायची. तोंड कोरडं असेल तर घोटभर पाणी प्यायचं. गरोदरपणात मळमळ असणाऱ्या बाईला हे अवघड जातं. गोळी विरघळण्याआधी उलटी झाली तर ते तिथल्या नर्सला लगेच सांगायचं. गुपचूप घरी जायचं नाही.

आता रोजच्या फेरीचं. सरकारच्या 2019 च्या सर्वेक्षणात अफूजन्य पदार्थ वापरणाऱ्यांचं प्रमाण पुरुषांत 4 टक्के आणि स्त्रियांत 0.2 टक्के निघालं. त्यामुळे केंद्रं पुरुषांना धरूनच उभी राहिली आहेत: रांगेत सगळे पुरुष, बसायला बाक नाही, कोपऱ्यावर पुडीवाला उभा, आणि खिडकीची वेळ नेमकी गरोदर मातांच्या ओपीडीशी टक्कर घेणारी. पोट दिसायला लागलेली बाई त्या रांगेत एकटी उभी राहत नाही. शिवाय एड्स नियंत्रण कार्यक्रमातली ओएसटी केंद्रं मुळात इंजेक्शनने नशा करणाऱ्यांसाठी आहेत. पन्नीवर ओढणाऱ्या बाईला तिथून परत पाठवतात आणि मग तिला सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्यावं लागतं. कुठे कोण बसतं हे ठाऊक असलेली सोबतीण बरोबर असली की एक आठवडा वाचतो.

खर्चाचं गणित मांडतो. केंद्र घरापासून तीन किलोमीटरवर धरा. बाई चौथ्या महिन्याच्या शेवटी आमच्याकडे आली, तर पहिले दोन महिने बेस्टच्या साध्या बसने जाता येतं: 10 रुपये तिकीट, दोघी, जाऊन-येऊन, रोजचे 40, साठ दिवसांचे 2,400. शेवटचे तीन महिने रिक्षा लागते. मीटरने एका बाजूचे 51 रुपये, रोजचे 102; नव्वद दिवसांचे 9,180. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे, 42 दिवस, त्याच दराने 4,284. एकूण 15,864 रुपये. एका बाईच्या वाटेचा हा पूर्ण खर्च. कुणाला 102 रुपयेच द्यायचे असतील तर तो रिक्षाचा एक पूर्ण दिवस आहे.

शेवटच्या तीन महिन्यांत एक नेहमीचा गैरसमज होतो. अंगातलं रक्त आणि पाणी वाढतं, औषध लवकर बाहेर पडतं, आणि सकाळची गोळी संध्याकाळी संपते. बाई सांगते, "रात्री पुरत नाही," आणि ऐकणाऱ्याला वाटतं जास्त मागण्यासाठी बहाणा करतेय. बहाणा नसतो. डोस वाढवणं किंवा तो सकाळ-संध्याकाळ विभागणं हाच उपाय आहे. विभागला तर दुसरी फेरी आली, नाहीतर घरी न्यायच्या गोळीची परवानगी. त्यासाठी स्त्रीरोग आणि मानसोपचार अशा दोन्ही डॉक्टरांचं पत्र मिळवण्यात सोबतिणीचे दोन-तीन दिवस जातात.

बाळंतपणाच्या खोलीत सगळ्यात मोठा धोका एका साध्या इंजेक्शनचा. कळांसाठी आपल्याकडे पेंटाझोसिन सर्रास टोचतात. ते अर्धं मित्र, अर्धं शत्रू आहे: ज्या जागेवर अफूजन्य औषध बसतं, तिथून ते त्याला खाली ढकलतं, आणि ऐन कळांत टर्की सुरू होते. ब्यूटॉर्फॅनॉलचंही तेच. म्हणून आम्ही हिरव्या जाड कागदावर एक कार्ड छापतो आणि ते माता-बाल संरक्षण कार्डाला टाचतो. त्यावर एवढंच: ही बाई बुप्रेनॉर्फिनवर आहे, डोस इतका, शेवटचा कधी. रोजचा डोस बाळंतपणाच्या आणि सिझेरियनच्या दिवशीही चालू ठेवा. पेंटाझोसिन, ब्यूटॉर्फॅनॉल नको. वेदनाशामक नेहमीपेक्षा जास्त लागू शकतं. बाळाला नॅलोक्सोन (अफूजन्य औषधाचा उतारा) देऊ नका, झटके येऊ शकतात. छपाईचा खर्च किरकोळ आहे. त्याहून गरज आहे ती निवृत्त परिचारिकांची, ज्या हे कार्ड घेऊन वॉर्डातल्या सिस्टरशी त्यांच्या भाषेत बोलू शकतील. आमच्या सांगण्यापेक्षा त्यांच्या सांगण्याला वजन असतं.

बाळाला जन्मानंतर त्रास होऊ शकतो: किरटं रडणं, थरथर, सारख्या शिंका, पातळ शी, दूध नीट न ओढणं. बुप्रेनॉर्फिनमुळे होणारा त्रास सहसा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरात येतो. आणि साध्या बाळंतपणानंतर घरी सोडतात ते नेमकं दोन दिवसांनी! त्यामुळे 4 ते 7 दिवस थांबवून घ्या असा आग्रह धरावा लागतो. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आईला साध्या बाळंतपणात 3 दिवस आणि सिझेरियनमध्ये 7 दिवस जेवण मिळतं. चौथ्या दिवशी ताट बंद झालं की बाई घरी निघते. आमचा डबा इथे लागतो: दोन वेळचं जेवण, आई आणि सोबतीण दोघींचं, चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत. पाच-सहा घरांनी वार वाटून घेतले तर एका बाळंतिणीचं भागतं.

बाळाला पहिला उपाय आईच आहे. अंधार, शांतता, छातीशी कातडीला कातडी, थोडं थोडं दूध. 2023 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात बाळाचं खाणं, झोपणं आणि शांत होणं एवढंच पाहून उपचार ठरवले, तेव्हा बाळं घरी जायला सरासरी 8.2 दिवसांत तयार झाली. लक्षणांना गुण देऊन उपचार ठरवण्याच्या जुन्या पद्धतीने 14.9 दिवस लागत होते. आई औषधावर स्थिर असेल तर अंगावरचं दूध पाजावं. गोळीचा फारच थोडा अंश दुधात उतरतो. एचआयव्ही किंवा कावीळ ब, क असेल तर डॉक्टरांना विचारून. त्या तपासण्या सरकारी रुग्णालयात होतात, आणि सोबतीण त्या आधीच करून घेते. तेव्हा कृपा करून दुधाच्या पावडरीचे डबे आणि बाटल्या पाठवू नका. दरवर्षी कुणीतरी चांगल्या मनाने पाठवतंच.

बाळंतपणानंतर गोळी बंद करायची घाई घरच्यांना फार असते. "आता बाळ झालं ना, कशाला पाहिजे?" पण झोप नाही, अंग दुखतंय, नवरा कदाचित स्वतः घेतोय, आणि पुडी गल्लीच्या तोंडाशी. घसरण्याची आणि जास्त प्रमाणाने दगावण्याची भीती याच महिन्यांत असते. म्हणून सहा आठवड्यांचं भाडं आम्ही वेगळं काढून ठेवतो, आणि ते दुसऱ्या कशाला वापरत नाही.

बाया सरकारी दारात जायला घाबरतात ते दोन गोष्टींना: पोलीस आणि मूल काढून घेतील ही धास्ती. हे आवाहन वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या ओळखीत अशी बाई असेल तर तिला दोन गोष्टी सांगा. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 नशेशी जोडलेल्या आजारांनाही लागू आहे, आणि त्याच्या कलम 21 नुसार मानसोपचार संस्थेत उपचार घेणाऱ्या आईपासून तिथल्या मुक्कामात तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करता येत नाही. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यातल्या कलम 64अ मध्ये, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. प्रश्न विचारायला 14446 हा सरकारी मोफत क्रमांक आहे.

देणगी मंडळाच्या खात्यावर द्या आणि "गरोदर माता वाट निधी" असा उल्लेख करा, म्हणजे ती भाड्याकडेच वळेल. पावती मिळेल. रिक्षाचा आणि बसचा हिशेब दर तिमाहीला मंडळाच्या फलकावर लागतो. त्यात बायांची नावं नसतात, क्रमांक असतात. धनादेश देताना बाईबरोबर फोटो काढून मिळणार नाही. रोख पैसे थेट बाईच्या हातात देऊ नका. तिच्यावर अविश्वास नाही, ते घरातलं दुसरं कुणीतरी काढून घेतं.

सोबतीण व्हायचं असेल तर सकाळी नऊ ते एक ही वेळ आठवड्यातून दोन दिवस लागते. नर्सिंगचं शिक्षण नको. चालायची तयारी, रांगेत उभं राहायची सवय आणि वस्तीत ऐकलेलं पोटात ठेवायची शिस्त हवी. तीन सकाळी आम्ही बरोबर येऊन दाखवतो, मग एक बाई तुमच्याकडे. एकच दिवस जमत असेल तरी नाव द्या. डब्याच्या पाळीत घेऊ.