गुळवे गेले, बातमी चार ओळींची

महोदय,

भोगावती काठच्या एका गावातले तात्या, जुने गुळवे (उसाच्या रसाचा गूळ करणारे कारागीर), गेल्या आठवड्यात वारले. निधनवार्तेत प्रगतशील शेतकरी असा उल्लेख, मागे पत्नी, मुले, सुना, नातवंडे असा परिवार आणि रक्षाविसर्जनाची वेळ, एवढेच आले. शेती त्यांना जेमतेम होती. पंचक्रोशी तात्यांना मानत होती ती गुळवे म्हणून, आणि नेमका तोच शब्द बातमीत नव्हता. रक्षाविसर्जनाला किती तरी गुऱ्हाळांची माणसे आली होती. बोलणे सगळे आधणांचेच, म्हणजे रस आटवण्याच्या एकेका खेपेचेच, चालले होते.

गुळव्या म्हणजे काहिलीपाशी (रस आटवायच्या मोठ्या कढईपाशी) उभा राहून ढवळणारा गडी, असा शहरात समज आहे. तात्यांचे काम उसाच्या फडातच सुरू व्हायचे. ऊस बारा महिन्यांचा झाला का, तुरा आला का, लोळला का, युरिया शेवटचा कधी पडला, विहिरीचे पाणी खारवट आहे का, हे विचारल्याशिवाय ते तोड घेऊ देत नसत. रसाचा ब्रिक्स (गोडीचे माप) २० च्या आत असला तर आणखी आठ दिवस थांबायला लावत, मालक कितीही घाईवर आलेला असो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शेंड्यापर्यंत बुडालेला ऊस त्यांनी सरळ परत पाठवला. अशा उसातली साखर फुटलेली असते. रस कितीही आटवला तरी रवा (कण) धरत नाही. तोडलेला ऊस दुसऱ्या दिवसावर टाकू नये म्हणतात, तेही याच कारणाने.

हजार लिटर रसाच्या आधणाला अडीच-तीन तास लागतात आणि गूळ पडतो दोनशे किलोच्या आसपास. ताज्या रसाचा सामू (आंबटपणाचे माप, पीएच) सव्वापाचच्या जवळपास असतो. चुन्याची निवळी घालून तो साडेसहाच्या आत-बाहेर आणायचा. निवळी कमी पडली तर गूळ मऊ राहतो, जास्त झाली तर काळपट येतो. मग रानभेंडीची ठेचलेली खोडे भिजवून काढलेले बुळबुळीत पाणी. रस ८५-९० अंशांवर आला की मळीचा (रसातल्या घाणीचा) जाड थर वर जमतो, तो उकळी फुटायच्या आत काढलाच पाहिजे. उकळी फुटली की मळी रसातच मोडते आणि पुढे काही केले तरी रंग सुधारत नाही. बहुतेक बिघाड इथलाच असतो, कारण चुलवाणात चिपाड टाकणाऱ्या गड्याला जाळ कधी आवरायचा ते कळत नाही. तात्या काहिलीकडे कमी आणि त्या गड्याकडे जास्त बघत.

शेवटची दहा मिनिटे खरी परीक्षेची. पाकाचे दोन थेंब गार पाण्यात सोडायचे, बोटांनी गोळी करायची आणि काहिलीच्या काठावर मारायची. चिकटली तर अजून वेळ आहे, टण्ण वाजली तर काहील ताबडतोब उतरवायची. थर्मामीटर लावला तर हा क्षण ११८ अंशांच्या आगेमागे येतो. पण खोडव्याचा (तोडीनंतर पुन्हा फुटलेला) ऊस, लागणीचा (नव्याने लावलेला) ऊस, काळी जमीन, माळाची जमीन, यांत एक-दोन अंशांचा फरक पडतो आणि तेवढा फरक गोळीच सांगते. लवकर उतरवला तर रवा (गुळाची ढेप) पावसाळ्यात पाझरतो. उशीर झाला तर करपट वास येतो, तो जात नाही. वाफ्यात (गूळ गार करायच्या पसरट जागेत) ओतल्यावरही फावडीने किती घोटायचे याला माप आहे, फार घोटले तर रंग उजळतो पण रवा ठिसूळ होतो.

हैड्रोस (गुळाचा रंग उजळवणारी रासायनिक पूड) घालायला त्यांचा विरोध होता. त्याने आलेला पिवळाधमक रंग टिकत नाही, साठवणुकीत गूळ पुन्हा काळवंडतो. तरीही सौद्यात पिवळ्या रव्यालाच बोली चढते. यात दोष गुळव्याचा कमी आणि गिऱ्हाइकाचा जास्त, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तो करणाऱ्या गुळव्यांची साधी यादी मात्र आमच्या पाहण्यात नाही. नवी पोरे या कामाला येत नाहीत, रात्रीचा जाळ आणि हंगामापुरती मजुरी पाहता त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. आपल्या दैनिकाला विनंती एवढीच, की निधनवार्ता घेताना माणूस काय काम करत होता हे एका ओळीत विचारावे.

दुसरी विनंती प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राला आणि बाजार समितीला. शिफारशींची पत्रके आहेत, ती उपयोगीही आहेत. पण रस बिघडलेला असताना काय करायचे, हे म्हाताऱ्या गुळव्यांनाच ठाऊक आहे. येत्या दिवाळी पाडव्यापासून अशा गुळव्यांच्या शेजारी नोंदवही घेऊन माणूस बसवावा. उसाची जात, लागण की खोडवा, ब्रिक्स, सामू, निवळीचे माप, मळी कधी काढली, किती अंशांवर उतरवले, हे आधणागणिक लिहून घ्यावे. प्रत्येक आधणातला एक रवा खूण करून ठेवावा आणि श्रावणात उघडून पाहावा, म्हणजे कोणाचा पाझरला आणि का, ते नोंदीशी ताडता येईल.

— करवीर तालुक्यातील काही गुऱ्हाळमालक, जि. कोल्हापूर