सरासरीच्या तक्त्यात खेळपट्टी दिसत नाही

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला सर्वकालीन श्रेष्ठ फलंदाजांचा तक्ता वाचला. सरासऱ्या उतरत्या क्रमाने लावल्या की झालं श्रेष्ठत्व सिद्ध! मी 22 वर्षं क्लबच्या सामन्यांत अंपायर म्हणून उभा राहिलो. त्यामुळे मला आधी आठवला तो पायचीतचा नियम, म्हणजे स्टम्पवर जाणारा चेंडू पायाने अडवला तर बाद.

1935 पर्यंत ऑफ स्टम्पबाहेर टप्पा पडून आत येणाऱ्या चेंडूवर फलंदाज पायचीत होऊच शकत नसे. पॅड पुढे केलं की सुटका. इंग्लंडचे सलामीवीर हॉब्ज आणि सटक्लिफ यांना ती सवलत होती, कबूल. पण खेळपट्टी पावसात झाकत नसत, उघडी असायची. 1926 साली लंडनच्या ओव्हल मैदानावर रात्रीच्या पावसानंतर ऊन पडलं, चेंडू मनाला येईल तसा उसळू-वळू लागला, आणि त्यावर या दोघांनी 172 ची सलामी दिली. हॉब्ज तेव्हा 43 वर्षांचा होता! आता सवलत किती आणि शिक्षा किती, हे सरासरीतून कसं काढणार?

आमच्या वेळी फिरकीपुढे फलंदाजाने पाय लांब टाकून चेंडू पॅडवर घेतला की बोट वर जात नसे. संशयाचा फायदा त्याला. एका ऑफस्पिनरची एकाच षटकातली तीन अपिलं मी अशीच फेटाळली. षटक संपल्यावर माझ्याकडून टोपी घेताना तो शांतपणे म्हणाला, "सर, स्टम्प आहेत ना अजून तिथे?" आज डीआरएसमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यांनी निर्णय तपासताना, तसाच चेंडू मधल्या स्टम्पवर आदळताना दिसतो, तेव्हा तो आठवतो. आजचे फलंदाज पॅडमागे लपू शकत नाहीत, हेही त्यांच्या धावा मोजताना धरायला हवं.

ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडमनबद्दल माझी तक्रार नाही. त्याच संघातून, बहुतेक त्याच गोलंदाजांना खेळून पॉन्सफर्ड 48.22 च्या सरासरीवर आणि मॅककेब 48.21 वर राहिले, हा 99.94 वर. मात्र 1937 मध्ये मेलबर्नला खेळपट्टी ओली होती तेव्हा कर्णधार ब्रॅडमनने आधी तळाचे फलंदाज पाठवले, ती सुकल्यावर स्वतः सातव्या क्रमांकावर येऊन 270 काढल्या. खेळपट्टीची किंमत त्याला आपल्या तक्त्यापेक्षा जास्त कळत होती.

आणि गावसकर. 1987, बंगळूर, पाकिस्तानविरुद्ध शेवटचा कसोटी डाव. तौसिफ आणि इक्बाल कासिम या फिरकी गोलंदाजांचे चेंडू हातभर वळत होते. संघाच्या 204 पैकी 96 याच्या एकट्याच्या, आणि हार 16 धावांनी. आपल्या तक्त्यातल्या शतकांच्या रकान्यात हा डाव येत नाही.

पुढच्या वेळी तक्ता छापाल तेव्हा निदान एक रकाना वाढवा : त्याच मालिकांत त्याच संघातल्या बाकीच्या फलंदाजांची सरासरी. हॉब्ज नक्की वर सरकेल, असा माझा अंदाज आहे.

— एक निवृत्त अंपायर