साताऱ्याचा एसटीडी कोड ११३८

सातारा,
रविवार, रात्री

प्रिय सुहास,

दोन दिवस फोन का उचलला नाही म्हणून चिडलास ना? ऐक आता.

मी त्या ट्रॅव्हल्सवाल्याचं बुकिंगचं काम करतो, तुला माहीतच आहे. शाखांची यादी एका यॅमल फाइलीत (माणसाला वाचता येईल आणि प्रोग्रामलाही, अशी साधी मजकुराची फाइल) आहे: गाव, एसटीडी कोड, पहिली गाडी. मीच टाइप केलेली, अवतरणचिन्हं न घालता. पावतीपुस्तकं छापून आली तर साताऱ्याचा कोड ११३८, वाईचा ११४३ आणि महाबळेश्वरचा मात्र बरोबर, ०२१६८! एकच गाव कसं वाचलं, हेच कळेना. रात्री दोनला कागदावर मांडलं तेव्हा पेटली. यॅमल १.१ मध्ये शून्यानं सुरू होणारा आकडा अष्टमान धरतात, म्हणजे दहाऐवजी आठाच्या पटीत मोजलेला, ० ते ७ एवढ्याच अंकांचा. ०२१६२ म्हणजे १०२४ अधिक ६४ अधिक ४८ अधिक २. महाबळेश्वरच्या कोडात ८ आहे, अष्टमानात ८ नसतोच, म्हणून पार्सरनं, म्हणजे फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामनं, तो मुकाट मजकूर मानला. तुमच्या सांगलीचे ०२३३ चे १५५ झालेत. हस आता.

वेळांचंही तेच. १०:३० चे ६३० झाले, कारण तिथं साठाचा हिशेबही चालतो. ०६:३० जशीच्या तशी, कारण त्या हिशेबात सुरुवातीचा शून्य चालत नाही.

२००९ च्या १.२ आवृत्तीत हे नियम बदलले, पण पायथनमधली यॅमल वाचणारी लायब्ररी, पाययॅमल, १.१ च्याच वळणाची. आणि १.२ घेऊन तरी काय? तिथं ०२१६२ चे सरळ २१६२ होतात.

चूक होऊ दे रे, पण पार्सरनं विचारायचं तरी! पोवई नाक्यावरच्या बेकरीत "पाव द्या" म्हटलं की पोरगा खारीच्या डब्यावर हात ठेवून विचारतो, "पाव किलो का लादीपाव?"

आता पाययॅमलचाच बेसलोडर लावलाय. तो सगळं मजकूर म्हणूनच हातात देतो. कुठला रकाना आकड्याचा, कुठला वेळेचा, ते माझा प्रोग्राम ठरवतो. सीटच्या रकान्यात 'चाळीस' असं अक्षरी आलं की रकान्याचं नाव सांगून तिथंच थांबतो. अवतरणचिन्हं घालून, म्हणजे हा मजकूरच आहे असं सांगून, भागलं असतं, पण उद्या ती फाइल त्यांचा मॅनेजर हातानं बदलणार. त्याच्या मागं कोण लागणार?

पुढच्या रविवारी ये. येताना भडंग आण, कंदी पेढे मी आणून ठेवतो. पावतीपुस्तकांचा गठ्ठा माझ्याच गळ्यात पडलाय, दोन-चार घेऊन जा. पाठकोरी आहेत, काकूंना दुधाचा हिशेब लिहायला होतील.

तुझा,
अवि