सोलिनसचे कपडे

ब्रिस्टल,
रविवार, रात्री

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

काल इथून जवळच्या बाथ गावी जाऊन आलो, तिथली रोमनांची जुनी स्नानगृहं पाहिली. तेव्हापासून तुला कधी एकदा लिहितोय असं झालंय. रोमन लोक या गावाला आक्वे सूलिस म्हणत, म्हणजे सूलिस देवीचं पाणी. देवी मुळातली इथल्याच लोकांची. रोमनांनी तिला आपल्या मिनर्व्हा देवीशी जोडून घेतलं. झऱ्याला रोज ११ लाख लिटरहून जास्त पाणी येतं, तेही ४६ अंशांचं. मोठ्या कुंडाच्या तळाला रोमनांनी बसवलेले शिशाचे पत्रे अजून जागेवर आहेत.

कुंडाशेजारच्या दालनांत फरशी विटांच्या बुटक्या खांबांवर उचललेली. बाहेर भट्टी पेटवायची, गरम हवा फरशीखालून खेळवायची. आपण बंब पेटवून पाणी तापवायचो, यांनी अख्खी खोलीच तापवली! अंगाला तेल चोळायचं, घाम आला की वाकड्या पात्याच्या पट्टीनं तेल, घाम, मळ सगळं खरवडून काढायचं. ती पट्टी पाहिली आणि दिवाळीच्या पहाटे उटण्यानं पाठ रगडणारी आजी डोळ्यांपुढे आली.

पण खरा खिळून राहिलो तो शिशाच्या चिठ्ठ्यांपाशी. अशा १३० च्या आसपास सापडल्यात. पातळ पत्र्यावर टोकदार काडीनं तक्रार कोरायची, गुंडाळी करून झऱ्यात टाकायची. सोलिनस नावाच्या माणसाचा अंघोळीचा अंगरखा आणि झगा चोरीला गेला होता. त्यानं काय करावं? ते कपडे त्यानं देवीलाच अर्पण करून टाकले! म्हणजे आता चोरी देवीच्या मालाची. चोर बाई असो की पुरुष, गुलाम असो की मोकळा माणूस, कपडे देवळात आणून देईपर्यंत त्याला झोप लागू देऊ नकोस, आरोग्य लाभू देऊ नकोस, असं मागणं.

एवढी दगडी कमानींची थोरवी, पण मला तिथली माणसं भेटली ती या चिठ्ठीत. पोहून वर आलेला, ओल्या अंगानं कपडे शोधणारा माणूस. त्याचा एकुलता एक चांगला झगा असेल रे.

वज्रेश्वरीला कुंडावरून तुझ्या नव्या कोल्हापुरी गेल्या होत्या, आठवतं? बाबांनी पहिल्या पगारावर घेऊन दिलेल्या. तू अनवाणीच देवळाच्या पायऱ्या चढलास, हात जोडून कितीतरी वेळ उभा होतास. काय मागितलंस ते मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारतो, कळव.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अवि